मृत्युपत्र व वारस नसलेल्या व्यक्तीची शेतजमीन : दावे आणि शासनाचा अधिकार

प्रस्तावना :
धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या कृषिप्रधान तालुक्यात शेतजमीन ही कुटुंबाची प्रमुख मालमत्ता होय. एखादा निपुत्रिक खातेदार मृत्युपत्र न करता मरण पावल्यास भावकी, जमीन कसणारा, सांभाळ करणारा व शासन असे अनेक दावेदार उभे राहू शकतात. ‘वारस नाही, म्हणजे जमीन सरकारजमा’ असा समज असतो. तो कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वारसांचा क्रम :
हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार पुरुषाची मालमत्ता प्रथम वर्ग एकच्या व नंतर वर्ग दोनच्या वारसांकडे जाते. त्यानंतर केवळ पुरुषांद्वारे जोडलेले व शेवटी स्त्रीद्वारे जोडलेले नातलग येतात. म्हणजेच चुलत्याचा पणतू अथवा मावशीचा नातूही वारस ठरू शकतो. यांपैकी कोणीही नसेल तरच कलम २९ नुसार मालमत्ता शासनाकडे जाते, तीही तिच्यावरील दायित्वांसह.

स्त्रीच्या बाबतीत क्रम निराळा आहे. कलम १५ नुसार निपुत्रिक विधवेची माहेरहून वारसाने आलेली जमीन पित्याच्या वारसांकडे, तर स्वकष्टार्जित मालमत्ता पतीच्या वारसांकडे जाते. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण (२००९) या प्रकरणात सासरने घराबाहेर काढलेल्या स्त्रीची स्वतःची कमाईदेखील सासरच्या वारसांना मिळाली. माहेरचा दावा टिकला नाही.

महसुली कार्यपद्धती :
महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३४ नुसार ज्ञात वारस नसल्यास जिल्हाधिकारी जमीन ताब्यात घेऊन एकेका वर्षाच्या पट्ट्याने देऊ शकतात. दावेदाराला तीन वर्षांत अर्ज करता येतो. तो फेटाळल्यास एका वर्षात दिवाणी दावा दाखल करता येतो. या मुदती उलटल्यावर जमिनीचा लिलाव होऊ शकतो. त्यानंतर हक्क सिद्ध झाला तरी जमीन परत मिळत नाही. खर्च व थकबाकी वजा जाता रक्कम तेवढी मिळते.

पुराव्याचा भार :
बिहार राज्य विरुद्ध राधाकृष्ण सिंह (१९८३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोणीही वारस नाही हे सिद्ध करण्याचा जड भार शासनावर टाकला. कच्छी लाल रामेश्वर आश्रम न्यास प्रकरणात (२०१७) जिल्हाधिकाऱ्यांना मालकीचा असा निवाडा स्वतः करता येणार नाही, असे स्पष्ट केले. ‘वारस ज्ञात नाही’ आणि ‘वारस अस्तित्वात नाही’ या दोन भिन्न गोष्टी होत.

निष्कर्ष :
सातबाऱ्यावरील फेरफाराने मालकी निर्माण होत नाही. ती नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानली जाते. दुसरीकडे, कायदा नाते पाहतो, सेवा पाहत नाही. वृद्धापकाळी सांभाळ करणाऱ्या परक्या व्यक्तीस मृत्युपत्राविना वारसाहक्क मिळत नाही. दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले मृत्युपत्र वैध ठरते. त्याची नोंदणी सक्तीची नाही. एकट्या राहणाऱ्या खातेदारांपर्यंत, विशेषतः स्त्रियांपर्यंत, ही माहिती पोहोचविणे हे ग्रामीण महाविद्यालयांच्या विस्तारकार्याचे आवश्यक अंग ठरावे.