संगणक गचके खातो तेव्हा : नेटवर्क ड्रायव्हरचा माग

प्रोसेसरचा वेळ थ्रेडांमध्ये वाटण्याचं काम शेड्यूलर करतो, हे आपल्याला माहीत आहे. आज आपण त्या वाटपाच्या बाहेर राहून प्रोसेसर अडवणाऱ्या कामाकडे बघणार आहोत. उदाहरण विंडोजचं घेऊ, कारण घरोघरी तेच जास्त दिसतं.

तक्रार साधारण अशी असते. गाणं चालू असताना मधेच 'चर्र' होतं, माउसचा बाण क्षणभर थिजतो आणि पुन्हा सगळं सुरळीत. गाण्याच्या रियाजाला लावलेला तानपुरा दर काही सेकंदांनी तुटतो. टास्क मॅनेजर उघडून बघावं, तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा. मग खर्च सुरू होतो. रॅम वाढवा, एसएसडी टाका, विंडोज नव्याने घाला, शेवटी नवा लॅपटॉप घ्या. आणि पुष्कळदा दोष निघतो नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये. आता तुम्ही म्हणाल, तानपुरा तर डिस्कवरच्या फाइलमधून वाजतोय, त्याचा नेटशी काय संबंध? प्रश्न अगदी रास्त आहे.

नेटवर्कवरून पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देतं. प्रोसेसर हातातलं काम तसंच टाकून ड्रायव्हरच्या इंटरप्ट रूटीनकडे वळतो. हे रूटीन आखूड असावं लागतं. ते कार्डाला 'कळलं' म्हणतं आणि खरं काम मागे ठेवतं. या मागे ठेवलेल्या कामाला विंडोजमध्ये डिफर्ड प्रोसिजर कॉल, थोडक्यात डीपीसी म्हणतात. इथे जरा थांबू या, कारण सगळी मेख इथे आहे. डीपीसी कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नसतो. त्या कोअरवर जो थ्रेड चालू असेल त्याला बाजूला सारून तो चालतो, आणि तो संपेपर्यंत त्या कोअरवर शेड्यूलरला काहीच करता येत नाही. तुम्ही गाण्याच्या प्रोग्रामला 'रिअलटाइम' प्राधान्य दिलंत तरी नाही. प्राधान्य म्हणजे थ्रेडांची आपसातली रांग. डीपीसी त्या रांगेत उभाच राहत नाही.

म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे, की एक डीपीसी १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त चालू नये. समजा एखाद्या ड्रायव्हरचा डीपीसी दर ३ सेकंदांनी एकदा ३० मिलिसेकंद चालतो. म्हणजे शिफारशीच्या ३०० पट. विंडोजचं ऑडिओ इंजिन सहसा १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी आवाज पुढे देतं. ऑडिओचा थ्रेड नेमका त्याच कोअरवर अडकला, तर ३ तुकडे वेळेवर पोचणार नाहीत आणि कानाला ते लगेच कळेल. पण सरासरी काढा. ३ सेकंदांत ३० मिलिसेकंद म्हणजे एका कोअरचा १ टक्का. ८ कोअर असतील तर एकूण मशीनचा ०.१२५ टक्का. टास्क मॅनेजरमध्ये 'सिस्टम इंटरप्ट्स' नावाची ओळ असते, तिथे हे जवळपास शून्यच दिसणार. रोगी दाखवतोय तो ताप आणि आपण मोजतोय त्याचं वजन! सर्वांत लांबलेला एक डीपीसी किती चालला, हे मोजायला हवं.

नेटवर्क आणि आवाज यांचं हे भांडण जुनं आहे. विंडोज व्हिस्टा आल्यावर २००७ साली लोकांच्या लक्षात आलं, की गाणं लावलं की नेटवर्कवरून फाइल कॉपी होण्याचा वेग एकदम पडतो. म्हणजे तक्रार उलटी! मार्क रसिनोविच यांनी कारण उलगडून लिहिलं. नेटवर्कच्या डीपीसींमुळे आवाज तुटू नये म्हणून मायक्रोसॉफ्टनेच लगाम घातला होता. आवाज किंवा व्हिडिओ चालू असताना मिलिसेकंदाला १० पॅकेटं, त्याहून जास्त नाही. आपण हिशेब करू. सेकंदाला १० हजार पॅकेटं, प्रत्येकी सुमारे १५०० बाइट, म्हणजे साधारण १५ मेगाबाइट. १०० मेगाबिटच्या नेटवर्कला हा लगाम जाणवतच नाही, कारण तिथे पूर्ण आकाराची पॅकेटं सेकंदाला ८ हजारांच्या आसपासच येतात. पण गिगाबिटची क्षमता १२५ मेगाबाइटची, तिथे हा लगाम चांगलाच काचला. त्यात एकापेक्षा जास्त नेटवर्क कार्डं असली की एका बगमुळे तो आणखी आवळायचा. पुढे 'नेटवर्क थ्रॉटलिंग इंडेक्स' या रजिस्ट्रीतल्या नोंदीने तो सैल करण्याची सोय झाली. ही नोंद बंद करा, गेम पळेल, असे सल्ले अजून फिरतात. ज्याचा आवाजच तुटतोय त्याने तर त्या वाटेला जाऊ नये.

आता निदान. लेटन्सीमॉन हा प्रोग्राम सुरुवातीला पुरतो. तो चालू ठेवून त्रास होईल असंच काम करा, निदान १५ मिनिटं. मशीन नुसतं बसलेलं असताना घेतलेलं माप काही सांगत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, कारण बॅटरीवर प्रोसेसरचा वेग खालीवर होतो आणि आकडे फसवतात. मग ड्रायव्हरांची यादी 'सर्वाधिक वेळ' या रकान्याने लावा.

बहुतेक वेळा सगळ्यात वर 'एनडीआयएस डॉट सिस' दिसेल, आणि इथेच बरेच लोक चुकीच्या माणसाला धरतात. एनडीआयएस हा विंडोजचा स्वतःचा भाग आहे. नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट आला की डीपीसी त्याच्या नावावर लागतो, आणि तो आत कार्डाच्या ड्रायव्हरला बोलावतो. घड्याळ मात्र एनडीआयएसच्या खात्यावर चालू असतं. एवढंच नाही. आलेलं पॅकेट त्याच डीपीसीत वर चढत जातं. वाटेत अँटीव्हायरसचा फिल्टर असतो, व्हीपीएनचा असतो, कधी दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या प्रोग्रामचा मागे राहिलेलाही असतो. यातला कोणीही रेंगाळला तरी नाव एनडीआयएसचंच येतं. दारावर पाटी कोणाची आहे यावरून आत कोण झोपलंय ते कळत नाही.

आत डोकावायचं तर विंडोज परफॉर्मन्स रेकॉर्डरने ट्रेस घ्यायची आणि अॅनालायझरमध्ये डीपीसीचा आलेख उघडायचा. सिम्बॉल लोड केलेत आणि प्रोसेसरचे नमुने स्टॅकसकट घेतलेत, तर त्या ३० मिलिसेकंदांत कोणाचं फंक्शन चालू होतं ते दिसतं. ज्यांना हे जड वाटेल त्यांनी दोन साधे प्रयोग करावेत. आधी नुसती केबल काढा, किंवा वायफाय असेल तर जोडणी तोडा. गचके थांबले तर दोष वाहतुकीशी जोडलेला आहे. पॅकेटं येतात तेव्हा कोणीतरी वेळ खातंय. गचके चालूच राहिले तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कार्डच बंद करा. आता थांबले, तर पॅकेटांशी संबंध नाही. ड्रायव्हर स्वतःच्या टायमरवर काहीतरी करतोय. वायफायचं ठरावीक अंतराने आजूबाजूची नेटवर्कं शोधणं, किंवा वीज वाचवण्यासाठी कार्डाला झोपवणं-उठवणं, अशी ही कामं असतात. गचके घड्याळ लावल्यासारखे सारख्या अंतराने येत असतील तर हाच संशय आधी घ्यावा.

दोन्ही प्रयोगांत फरक पडला नाही तर नेटवर्कला सोडून द्या. मग ग्राफिक्सचा किंवा डिस्कचा ड्रायव्हर बघा. बायोसकडून येणारे सिस्टम मॅनेजमेंट इंटरप्टही असतात, आणि ते तर विंडोजच्याही नजरेआड चालतात.

उपाय करताना आधी चालू ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख कागदावर लिहून ठेवा. नवा ड्रायव्हर बरा असतोच असं नाही, मागे यावं लागतं. मग फिल्टर काढून बघा, व्हीपीएनचे आधी. नंतर कार्डाच्या प्रगत सेटिंगमधली वीजबचत बंद करा. 'इंटरप्ट मॉडरेशन' ला मात्र उगाच हात लावू नका. ते बंद केलं की एकेक पॅकेट लवकर पोचतं खरं, पण इंटरप्टांची संख्या वाढते आणि आवाज आणखी तुटू शकतो. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तेच १५ मिनिटांचं माप.

कार्ड बनवणाऱ्या कंपनीला कळवायचं असेल तर 'संगणक अडकतो' एवढं लिहून भागत नाही. ड्रायव्हरची आवृत्ती, सर्वांत लांब डीपीसीचा वेळ आणि दोन्ही प्रयोगांचं उत्तर कळवा, सोबत एक मिनिटाची ट्रेस द्या. फक्त ट्रेसमध्ये चालू प्रोग्रामांची आणि फाइलींची नावं जातात. ती घेण्याआधी बाकीचं सगळं बंद करून घ्या.