अण्णाभाऊंची मैना आणि मजुराचा हिशेब

१ ऑगस्टला साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांची जयंती वस्त्यावस्त्यांतून साजरी होते आणि 'माझी मैना' ही छक्कड हमखास वाजते. पोरे ठेक्यावर नाचतात. कोणी तिला विरहाचे गाणे समजतो, कोणी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे. दोन्ही अर्थ तिच्यात आहेतच. परंतु चळवळीच्या माणसाने तिसरा अर्थही ओळखला पाहिजे. ही छक्कड म्हणजे मजुराने मांडलेला हिशेब आहे.

छक्कडीतला गडी पहाटे भाकरी बांधून मुंबईला निघतो. बायकोला कोल्हापुरी साज आणि शिंदेशाही तोड्यांचे वचन देतो. प्रत्यक्षात मुंबईतल्या बेकारांच्या गर्दीत आणखी एकाची भर पडते, एवढेच. या ताटातुटीचा दोष तो नशिबाला देत नाही, मागच्या जन्माला देत नाही. तो गरिबीला देतो. ज्या समाजाला कर्माचे फळ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवले गेले, त्या समाजातल्या शाहिराने असे सांगणे ही साधी गोष्ट नाही.

मैना गावावर का राहिली? कारण मुंबईचा मालक मजुरी देत होता ती एका राबणाऱ्या देहापुरती. बायको, लेकरे, म्हातारे आईबाप यांचे पोट त्या मजुरीत धरलेलेच नव्हते. ते गावाने भरावे, असा हा व्यवहार होता. आणि गावात आमच्या माणसांकडे होते काय? जमीन नाही, पाटलाची वेठ मात्र आहे. म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर खुरपणी करून घर चालवणारी मैनाच मुंबईच्या मालकाचा नफा वाढवीत होती. तिची हजेरी मात्र कोणत्याच मस्टरवर लागली नाही.

शहरात येऊन जात सुटली, असेही झाले नाही. मुंबईच्या गिरण्यांत जादा पगाराचे विणकामाचे खाते अस्पृश्यांना बंद होते. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, आणि विटाळ होतो म्हणून सवर्ण कामगार त्यांना मागाजवळ उभे राहू देत नसत. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, ते उगाच नव्हे. लाल बावटा कलापथकात घडलेले अण्णाभाऊ 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करतात, त्यामागेही हीच जाण आहे.

मजुराचा हा हिशेब कायद्यानेही एकदा मान्य केला होता. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्या मजुराला मासिक मजुरीच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता होता. तो मजुरीखेरीज द्यायचा होता आणि परत घ्यायचा नव्हता. घरदार सोडावे लागते, त्याचे हे मोल. अंमलबजावणी कितपत झाली, हे कामगार न्यायालयात वावरणाऱ्यांना ठाऊक आहे. तरीही मागण्यासाठी हक्क तरी होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विरून गेला. या संहितेत प्रवास भत्ता आहे. विस्थापन भत्ता नाही. मजुराच्या गाडीभाड्याची किंमत राहिली, ताटातुटीची गेली!

राज्याच्या आत स्थलांतर करणारा मजूर तर जुन्या कायद्यातही बसत नव्हता आणि नव्या संहितेच्या या तरतुदीतही बसत नाही. बीडचा ऊसतोड मजूर दरवर्षी सांगली-कोल्हापूरच्या फडात उतरतो. अण्णाभाऊंचे वाटेगाव ज्या वाळवा तालुक्यात आहे, तो उसाचाच मुलूख. आजची मैना गावावरसुद्धा राहत नाही. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि मुकादमाची उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर असते. २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या, तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कामाचा खाडा पडू नये म्हणून बाईने शरीराचा अवयव गमवावा, यापेक्षा मोठी ताटातूट कोणती?

'माझी मैना' रडगाणे होऊन संपत नाही. एकट्या गड्याचे दुःख शेवटी हजारोंच्या लढ्याला जाऊन मिळते. आपणही तिथवर गेले पाहिजे. संविधानाच्या कलम ४३ ने कामगाराला निर्वाह वेतनाची आणि माणसासारख्या जगण्याची हमी देण्याचे काम राज्यावर सोपवले आहे. त्या कलमाच्या आधारे आपल्या संघटनांनी तीन मागण्या लावून धराव्यात. विस्थापन भत्ता पुन्हा कायद्यात यावा. राज्यांतर्गत स्थलांतरितालाही तो मिळावा. आणि कोयत्यातल्या बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या नावावर, तिच्या स्वतःच्या हातात पडावी.

येत्या जयंतीला ही छक्कड जरूर लावा. पण त्याच मंडपात या मागण्यांचा अर्जही ठेवा आणि पहिली सही वस्तीतल्या मैनेची घ्या.