मावशींची नजर, मावशींचे हात

घरातलं कुणी दवाखान्यात ॲडमिट असलं, की डॉक्टरांचं दर्शन दिवसातून एक-दोनदा. सिस्टर बिचाऱ्या अख्खा वॉर्ड सांभाळत पळत असतात. मग उरलेल्या वेळात हाक कुणाला जाते? मावशींना! ‘मावशी, बेडपॅन द्या.’ ‘मावशी, चादर ओली झालीये.’ ‘मावशी, यांना जरा उठवून बसवता का?’

कागदोपत्री या मावशींना कुणी परिचर म्हणतं, कुणी आया, कुणी नर्सिंग असिस्टंट. नाव काहीही असो, पेशंटच्या अंगाला दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा हात लागतो तो त्यांचा. म्हणूनच पेशंटमधला बदल पुष्कळदा त्यांनाच आधी दिसतो. तो दिसणं आणि वेळेवर सिस्टरना सांगणं, हे या कामाचं मर्म आहे. ‘झाडलोट आणि भांडं देणं, त्यात काय शिकायचं?’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

जामखेडचा धडा

कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम जमेल का, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याने केव्हाच सोडवलाय. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यात राहायला शिकलेल्या नर्स तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. पण बाळंतपणं, मुलांची वजनं, जुलाबावर मीठ-साखर-पाणी हे सगळं त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे या बायकांना नुसतं ‘हे कर’ असं सांगितलं जात नसे, ‘का करायचं’ तेही उलगडून सांगितलं जाई. वॉर्डातल्या मावशींनाही हेच हवं असतं.

‘का’ कळलं की काम बदलतं

बिछान्याला खिळलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. का? एकाच जागी दाब राहिला, की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम व्हायला लागते. माकडहाड, टाचा, खुबे, खांदे या जागा रोज स्पंज करताना पाहायच्या. लाली दिसली आणि दाब काढूनही ती जाईना, तर लगेच सांगायचं. तिथे चोळायचं मात्र नाही.

भरवताना पेशंटला बसतं करायचं, निदान डोक्याकडची बाजू उंच करायची. आडवं ठेवून पाणी पाजलं, तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. जेवणानंतरही अर्धा तास तसंच बसू द्यायचं. आणि ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटला ‘घोटभर चहाने काय होतंय’ म्हणत काही देऊ नये. भूल दिल्यावर तोच घोट जिवावर बेतू शकतो.

लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली टांगायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. ओतण्याआधी मोजून सांगायचं. लघवी कमी झाली, रंग बदलला, की डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ काही कळतं.

हात धुणं तर सगळ्यात स्वस्त औषध. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना साबणाने चाळीस ते साठ सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांपाशीसुद्धा. हातमोजे घातले म्हणून हात धुणं टळत नाही. तेच मोजे घालून वॉर्डभर फिरणं म्हणजे जंतूंना गाडी करून देणं!

कॉटचे कठडे वर आहेत ना, चाकांना ब्रेक लागलाय ना, फरशी ओली नाही ना, हेही बघायला हवं. म्हातारं माणूस रात्री लघवीला उठतं आणि पडतं, खुबा मोडतो. एका क्षणाची चूक, पण पुढे महिनोन्‌महिने अंथरूण.

सीमाही माहीत हव्यात

इंजेक्शन देणं, सलाईनचा वेग बदलणं, ऑक्सिजनचं बटण फिरवणं ही मावशींची कामं नव्हेत. नर्सला परिचर्या परिषदेची नोंदणी असते, त्यासाठी त्या काही वर्षं शिकलेल्या असतात. नातेवाइकांनी कितीही गळ घातली, तरी ‘थांबा, सिस्टरना बोलावते’ एवढंच म्हणावं. यात कमीपणा नाही, शहाणपण आहे.

भाऊबीजेचा तो दिवस

६ नोव्हेंबर २०२१. भाऊबीज होती. नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये कोरोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान ११ रुग्णांचा बळी गेला. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षातली आग १० बाळांना घेऊन गेली होती. वायरिंग, यंत्रणा, तपासणी ही जबाबदारी वरच्यांची, ती मावशींच्या माथी मारून चालणार नाही. पण ज्यांना स्वतःहून उठता येत नाही, त्यांना बाहेर काढणारे हात वॉर्डातल्यांचेच असतात.

म्हणून ड्यूटीवर आल्या आल्या पाहून ठेवा : बाहेरचा रस्ता कुठला, त्यात मोडक्या कॉट तर रचलेल्या नाहीत ना, आग विझवायचा सिलिंडर कुठे टांगलाय. तो चालवायला शिकवा, असं हक्काने मागा. आग दिसली तर आधी ओरडून सगळ्यांना सावध करायचं, आगीजवळच्या पेशंटला चादरीसकट ओढून बाहेर काढायचं आणि बाहेर पडताना दार लावून घ्यायचं, म्हणजे धूर अडतो. धूर वर चढतो, तेव्हा वाकून चालायचं. आणि हो, ऑक्सिजन लावलेल्या पेशंटजवळ श्रद्धेने लावलेली उदबत्तीसुद्धा नको!

स्वतःचा जीवही मोलाचा

वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत आणि काच निळ्या खोक्यात, असे नियम आहेत. तरी सुई टोचलीच तर जखम पिळत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सांगा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ‘बोलणी बसतील’ म्हणून गप्प राहणं महागात पडतं. कावीळ-बी ची लसही मागून घ्या. कंत्राटावर असलात, तरी सुई कायम-हंगामी बघून टोचत नाही.

राहता राहिलो आपण, पेशंटची माणसं. मैत्रिणींनो, आपण मावशींवर खेकसतो किंवा हातात दहा-वीस रुपये कोंबतो. त्यापेक्षा त्यांचं नाव विचारावं. ‘आज यांना कसं वाटतंय तुम्हाला?’ असंही विचारावं. त्या जे सांगतील ते कान देऊन ऐकावं, कारण आपण घरी गेल्यावर आपल्या माणसाकडे लक्ष असणार आहे ते त्यांचंच.