बधिर पाऊल आणि परिचारिकेचे हात

तत्त्वज्ञानाच्या माणसानं परिचारिकांपुढं नखं कापण्यावर बोलावं, याचं हसू येणं साहजिक आहे. पण दुसऱ्याची वेदना आपल्याला कळते कशी, हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. मधुमेही माणसाच्या बधिर पावलापाशी तो उलटाच होतो. तिथं वेदना खुद्द त्यालाच कळत नाही!

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांबाबत हे दाखवून दिलं होतं. बोटं आपोआप झडत नाहीत, न जाणवलेल्या जखमांनी जातात. मधुमेहातही तीच गत. एरवी कात्री चुकली की माणूस 'आई गं' म्हणतो आणि आपला हात थांबतो. इथं ती सूचनाच नाही. म्हणून नखांना हात लावण्याआधी दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटनं स्पर्श तपासायचा. पाणी कोमट आहे का, हे रुग्णाला विचारायचं नाही, स्वतःच्या कोपरानं बघायचं. पाय पुसताना बेचक्या कोरड्या करायच्या, तिथं क्रीम नको. नख सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत. आणि कुरूप दिसलं म्हणून ब्लेड तर उचलायचंच नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं.

आता हत्यारं. 'स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं की झालं', असं आपण सर्रास ऐकतो. पुसणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस टिकतो, त्याला लागणारं रक्त डोळ्यांना दिसतही नाही. आधी ब्रशनं घासून धुवायचं, कारण मळाखाली वाफ पोचत नाही. मग ऑटोक्लेव्ह, १२१ अंश सेल्सिअसवर, पूर्ण वेळ. खरखरीत कागदी कानस मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही, ती एका माणसापुरतीच.

हातमोज्यांचं एक गंमतीदार आहे. ते घातले की आपण स्वच्छ झालो असं वाटतं, आणि त्याच हातानं मोबाईल उचलला जातो. मोजे प्रत्येक रुग्णाला नवे, काढल्यावर हात धुवायचेच. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार मोजे लाल पिशवीत, ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. नखांची भुकटी उडते, तेव्हा मास्कही हवा.

एका शिबिरात आम्ही रांगेत होतो. एकच नेलकटर, शेजारी स्पिरिटची वाटी. आम्हाला सगळं ठाऊक होतं, तरी नंबर आल्यावर मुकाट्यानं पाय पुढं केला. सिस्टर सकाळपासून वाकून काम करत होत्या. दुसरा संच त्यांना कुणी दिलाच नव्हता. तेव्हापासून शिबिराचं आमंत्रण आलं की आम्ही आधी विचारतो, संच किती आणले आहेत?