घरांतील जुन्या संगणकाची निगा

निमोणे येथील एका पालकांनीं गेल्या चैत्रांत आम्हांकडे निरोप धाडिला कीं, घरचा संगणक आतां संपला. नवा घ्यावयाचा तर गोठ्यांतील एक गाय विकावी लागेल, तत्पूर्वीं आपण एकवार पाहून जावें. आम्ही गेलों. यंत्र २०१४ सालचें. सुरू केलें कीं पंखा जात्यासारखा घरघरे आणि दहा-पंधरा मिनिटांत सारें आपोआप बंद पडे. मुलीचें दहावीचें वर्ष तोंडावर आलेलें. तिचीं सर्व टिपणें व धाकट्या भावाचीं बाळपणचीं छायाचित्रें त्याच पेटींत. आम्हीं पेटीचें झाकण काढिलें तों कारण समोरच दिसलें. पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर धुळीचा थर घोंगडीसारखा दाट बसला होता. गाय गोठ्यांतच राहिली. त्या दिवशीं जें केलें, आणि जें कोणाही घरीं सहज करतां येण्याजोगें आहे, तें येथें लिहितों.

संगणकाचा मेंदू म्हणजे त्यांतील प्रोसेसर. तो काम करूं लागला कीं तापतो. ती उष्णता धातूच्या पट्ट्यांत उतरते व पंख्याचा वारा ती बाहेर नेतो. धुळीनें वाट बुजली म्हणजे उष्णता आंतच कोंडते. मग प्रोसेसर स्वतःस वांचविण्याकरितां प्रथम आपली गति कमी करतो, आणि तरीही ताप शंभर अंशांच्या आसपास गेला तर यंत्र बंद पाडतो. लोक म्हणतात, संगणक म्हातारा झाला. पुष्कळदां तो म्हातारा झालेला नसून त्याचा श्वास कोंडलेला असतो! आपला शिरूरकडचा मुलूख पर्जन्यछायेंतला. फाल्गुनापासून मृगापर्यंत वारा सुटला कीं माती उंबऱ्याच्या आंत येते. चुलीजवळ यंत्र ठेविलें असेल तर धुळीस तेलकट धुराचीही जोड मिळते, आणि असा थर झटकून जात नाहीं. म्हणून यंत्र जमिनीवर न ठेवितां हातभर उंच, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावें. आणि वर्षांतून दोनदां, होळीनंतर व दसऱ्यास, उघडून झाडावें. दसऱ्यास शस्त्रांची व अवजारांची पूजा होते, तेव्हां हें अवजारही झाडलें जावें हें योग्यच.

झाडण्यापूर्वीं वायर भिंतींतून काढावी. नुसतें बटण बंद करणें पुरेसें नाहीं. पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज आंतील नाजूक भागांवर उतरत नाहीं. रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश घेऊन धूळ सोडवावी. पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. हवा मारतांना तो भरमसाट फिरला तर त्याचा आंस खराब होतो. तोंडानें फुंकूं नये, कारण फुंकेबरोबर थुंकीचे तुषार जातात. ओलें फडकें तर मुळींच नको. प्रोसेसर व त्यावरील धातू यांच्यामध्यें एक मलम असतें, त्यास बाजारांत थर्मल पेस्ट म्हणतात. पांच-सहा वर्षांत तें वाळून जातें. जुनें पुसून मुगाच्या दाण्याएवढें नवें लाविलें कीं काम भागतें; मात्र हें प्रथम जाणत्या माणसाकडून पाहून शिकावें.

पडद्यावर कांहींच न येतां नुसते पी-पी असे आवाज येत असतील तर बहुधा रॅमची पट्टी आपल्या खांचेंत नीट टेकलेली नसते. ती काढून तिच्या सोनेरी कडेवर शाळेंतील साधें खोडरबर हलकेंच फिरवावें, भुगा झाडावा व पट्टी पुन्हां घट्ट बसवावी. इतक्यानें जिवंत झालेलीं यंत्रें आम्हीं पाहिलीं आहेत.

एक लहानशी गोष्ट फार घोटाळा करते. आंत नाण्याएवढा एक सेल असतो, त्यावर सी. आर. २०३२ असें छापलेलें असतें. वीज नसतां घड्याळ चालू ठेवणें हें त्याचें काम. तो संपला कीं यंत्र दर वेळीं कांहीं वर्षें मागील तारीख दाखवितें. संकेतस्थळांचीं सुरक्षा-प्रमाणपत्रें ठराविक मुदतीचीं असतात. यंत्राची तारीख त्या मुदतीबाहेर पडली म्हणजे तें स्थळ उघडण्याचें नाकारतें. परीक्षेचा अर्ज भरावयास बसलेल्या मुलास वाटतें, पलीकडचेंच कांहीं बंद आहे. आणि दोष असतो त्या लहानशा सेलचा.

विजेचें आमच्याकडे काय सांगावें! ती केव्हां जाईल याचा नेम नाहीं. जुन्या यंत्रांतील हार्डडिस्क म्हणजे मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० वेळां फिरणारी चकती. तिच्यावरून वाचणारी सुई चकतीस न शिवतां केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. लिहितां लिहितां वीज गेली तर लेखन अर्धवट राहतें. वारंवार असें होऊं लागलें म्हणजे चकतीही धोक्यांत येते. यासाठीं यूपीएस हवा, आणि त्यांतील बॅटरी तीन-चार वर्षांनीं बदलावयास हवी. तिसरी पिन मोडून प्लग बसविण्याची जी वाईट खोड पुष्कळ घरीं आहे, ती सोडावी.

मंदपणाचें दुसरें कारण आंतल्या पसाऱ्याचें. यंत्र सुरू होतांच आपोआप उठणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावे, आणि चकतीचा पांचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. फिरत्या चकतीवरील मजकूर अधूनमधून एकत्र आणणें हितकर असतें. नव्या एसएसडीस मात्र त्याची गरज नाहीं. थोडा खर्च करावयाचा झाल्यास हार्डडिस्कच्या जागीं एसएसडी बसवावी. जुन्या यंत्रास याहून अधिक गुण देणारा उपाय आम्हांस माहीत नाहीं. विंडोज १० ची नेहमींची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली व कित्येक जुनीं यंत्रें विंडोज ११ ला चालत नाहींत. अशा यंत्रांवर लिनक्स चांगलें चालतें. पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनेंही बॉस नांवाचें लिनक्स काढिलेलें आहे.

आतां आमच्याच हलगर्जीपणाची हकीकत. २०११ सालीं आम्हीं मातोश्रींच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घरच्या संगणकांत ठेविल्या. पुढें मातोश्री वारल्या. २०१६ च्या पावसाळ्यांत हार्डडिस्क टिक् टिक् असा आवाज करूं लागली. उद्यां नक्कल करूं, उद्यां करूं, असें म्हणतां म्हणतां आठवडा गेला आणि एके सकाळीं ती उघडेना. चाळीस ओव्यांपैकीं तीन उरल्या; त्याही आम्हीं पूर्वीं एका नातेवाइकास धाडिल्या होत्या म्हणून. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनीं खेडोपाडींच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या संग्रहांतील ओव्या आज परी या संकेतस्थळावर कोणासही ऐकतां येतात. त्या ऐकतांना आमच्या घरच्या सदतीस आठवल्यावांचून राहत नाहींत.

निमोण्याच्या त्या घरीं म्हणूनच आम्हीं झाडण्यापूर्वीं सर्व छायाचित्रें व टिपणें एका पेन ड्राइव्हवर उतरविलीं, आणि दुसरी नक्कल मामाच्या घरीं ठेवावयास दिली. एकाच घरांतल्या दोन नकला एकाच पावसांत भिजूं शकतात. मुलीनें भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं पेन्सिलीनें "नक्कल" असें लिहून ठेविलें आहे. मागल्या खेपेस आम्ही गेलों तेव्हां वैशाख व ज्येष्ठ या दोहोंपुढें बरोबरची खूण होती, आणि पंखा मुकाट फिरत होता.