पॉडकास्ट काढायचाय? माईक नंतर, आधी गोधडी घ्या

तालुक्याच्या गावी मोबाईलच्या दुकानात सध्या रिंगलाईट आणि कॉलर माईक टांगलेले दिसतात. द्राक्षाची छाटणी असो की शेळीपालन, आपणही बोलावं आणि लोकांनी ऐकावं, असं बऱ्याच पोरांना वाटतंय. त्यात गैर काही नाही. पण आधी हजारोंचं साहित्य, वरून ऑनलाईन कोर्सची फी, आणि तीन भाग काढून गप्प, असं व्हायला नको. हे काम रोज करणाऱ्यांजवळ दोन तास बसलं तर निम्मं शिक्षण फुकटात होतं.

पॉडकास्ट म्हणजे तरी काय? इंटरनेटवर ठेवलेला रेडिओचा कार्यक्रमच. सवड मिळेल तेव्हा ऐकायचा. तेच लिहून ठेवलं की ब्लॉग. म्हणून शिकायचं तर रेडिओवाल्यांकडून शिकावं. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८ पासून ९०.४ एफएमवर चालते. असा कम्युनिटी रेडिओ साधारण दहा-पंधरा किलोमीटरच ऐकू येतो. बोलणारा आणि ऐकणारा एकाच बाजाराला जाणारे, त्यामुळे उगाच पुस्तकी बोलून भागत नाही.

रेडिओतली पहिली गोष्ट म्हणजे ऐकणाऱ्याला काही दिसत नाही. तो धार काढत असतो नाहीतर खुरपत असतो. तिथं "हे बघा, असा डाग पडतो" म्हणून काय उपयोग? "पानाच्या वर तेलकट पिवळा डाग, आणि पान उलटं केलं की त्याच जागी पांढरी बुरशी" असं सांगितलं की डाउनी डोळ्यासमोर उभा राहतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. चित्र थोडं खराब असलं तरी लोक बघतात, पण आवाज घुमला की लगेच बंद करतात. पत्र्याच्या खोलीत तर हमखास घुमतो. त्यावर उपाय घरातच आहे. भिंतीला गोधड्या टांगा, धान्याची पोती असलेली खोली निवडा, पंखा बंद करा. फोन फ्लाईट मोडवर टाकून तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला धरा, म्हणजे 'प' आणि 'फ'चा वारा माईकवर येत नाही. एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोननं ऐका आणि मगच पुढं बोला. ही सवय नसली की तासाभराची मुलाखत वाया जाते. माणूस पुन्हा तेच तसं बोलत नाही.

फाईल मोनोमध्ये, ६४ केबीपीएसवर काढली तर दहा मिनिटांचे जेमतेम ५ एमबी होतात. रेंज कमी असलेल्या वाडीवरही उतरते.

आता पैशाचं. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं जावं लागतं (शॉर्ट्सचा हिशेब वेगळा). म्हणजे दहा मिनिटांचा व्हिडिओ २४,००० वेळा पूर्ण बघितला गेला पाहिजे. तेही फक्त दार उघडायला. हा हिशेब मांडून मगच कोर्सची फी भरावी. आणि मागं सिनेमाचं गाणं लावू नका, हक्काचा दावा आला की कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते.

आजीच्या ओव्या, शाहिराचा पोवाडा रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा आणि ही परवानगीही रेकॉर्ड करून ठेवा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभारलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्या आता 'पारी'वर आहेत. तिथं गाणाऱ्या बाईचं नाव, गाव दिलेलं असतं. म्हणून त्या ओवीला धनीण आहे. आपणही नाव, गाव, तारीख फाईलच्या नावातच घालावं. 'रेकॉर्डिंग १२' मध्ये कोण गातंय, हे सहा महिन्यांनी रेकॉर्ड करणाऱ्यालाही आठवत नाही.