उभं भागिले आडवं

सकाळी 6. मोहोळच्या बाजूचं काळं रान. मे महिन्यात ऊन चढलं की दुर्बिणीत हवा थरथरते आणि स्टाफवरचे, म्हणजे मोजपट्टीवरचे, आकडे नाचायला लागतात, म्हणून लेव्हल घ्यायची ती उजाडताच. रानाचे मालक आबा म्हणाले, "डोळ्याला तर रान सपाट दिसतंय की ओ. बांध सरळच टाका, नांगराला बरं पडतंय."

तिपाई रोवली. वरच्या अंगाला वाचन आलं 1.12, तिथून उताराला 30 मीटरवर 1.72. म्हणजे 60 सेंटिमीटर खाली. शंभराला दोनचा ढाळ. पाणी पळतं ते या दोनामुळे, आणि जाताना माती घेऊन जातं. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हे परवडत नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन 1933 मध्ये सुरू झालं, ते अशाच जमिनींसाठी.

7 वाजता. 1.72 हेच वाचन धरून स्टाफवाला पोरगा आडवा सरकत राहिला. जास्त आलं की चढाकडे, कमी आलं की उताराकडे. जिथे जुळलं तिथे फक्की. रेषा वळत वळत गेली, ती आबांनी चालून पाहिली. सरळ बांधाला पाणी सखल जागी तुंबतं आणि तिथेच तो फुटतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही; फुटलेला बांध शेजारीच होता. दोन बांधांत 80 सेंटिमीटरचा उंचीफरक ठेवायचा ठरला, म्हणजे अंतर 40 मीटर. "मग वळणानंच नांगरू," आबा म्हणाले.

11:30. शहरातली एक शाळा, सुट्टीतलं काम. जोतं 45 सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीला बाराला एक ढाळ लागतो, तेव्हा रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. ठेकेदाराला जागा वाचवायची होती. मी ऐकलं नाही. आखूड रॅम्पवर खुर्चीतल्या मुलाला कुणीतरी ढकलायला लागेल, आणि रॅम्प तर तो एकटा वर यावा म्हणून आहे.

दुपारी 2. ड्रेनेजची 18 मीटर लाइन, शंभराला एक. दोरी एका टोकाला 18 सेंटिमीटर उतरवली आणि निघालो.

4:30. होटगी रोडवरचं एक घर, जवळच विमानतळ. पाण्याच्या टाकीची सावली 32 मीटर, मीटरभर काठीची 1.6, टाकी 20 मीटर उंच. इथे उंचीला फार किंमत आहे. धावपट्टीच्या टोकापासून वर चढत जाणारा एक ढाळ कल्पलेला असतो, त्याच्यावर काही डोकावू द्यायचं नसतं. 50 मीटरला 1 मीटर धरलं, तर 90 मीटरच्या वस्तूला साडेचार किलोमीटर लांब राहावं लागेल. सिद्धेश्वर साखर कारखान्याची साधारण तेवढ्याच उंचीची चिमणी त्याहून जवळ होती. 15 जून 2023 ला ती पाडली. सभासदांना ते फार लागलं, आणि लागणारच. जून 2025 मध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं.

घरमालकांनी विचारलं, वर आणखी मजले चढवू का? म्हटलं, आधी विमानतळाची उंचीची परवानगी आणा, मग कॉलमचं बोलू.